शंभर माथे, पाच वर्षं: आधी उतरायचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, बारा वर्षं बैठं काम, वजन ८५ किलो, दोन मजले चढले की धाप लागते. विशीत डोंगर भटकला होतात. आता पाच वर्षांत शंभर डोंगरमाथे गाठायचे असं ठरवलंय. त्यातून गेलेला दमसास परत येईल का, गुडघे टिकतील का आणि सुरुवात कुठून करायची?

दमसास येईल. गुडघेही टिकतील, जर सुरुवात नीट झाली तर. म्हणून सुरुवातीबद्दलच सविस्तर लिहिते. गेली चोवीस वर्षं मी माणसांना डोंगरावर नेते आहे आणि असे बेत पहिल्या चार महिन्यांत मोडलेले पुष्कळ पाहिले आहेत. ते बहुतेक वेळा उतारावर मोडतात. चढताना माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो, पुन्हा चालू लागतो. उतरताना श्वास शांत असतो, त्यामुळे आपलं सगळं ठीक चाललंय असंच वाटत राहतं. मांड्या कधी संपल्या ते गुडघा कुरकुरेपर्यंत कळत नाही.

आधी तुमच्या संकल्पाबद्दल. इतक्या लांब पल्ल्याचा बेत मला मनापासून आवडतो. स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तिथल्या तीन हजार फुटांवरच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवरच्या डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ माथे आहेत आणि ती पुरी करण्यात कित्येकांची उमेदीची वर्षं जातात. ती सर्वांत आधी पूर्ण करण्याचा मान ए. ई. रॉबर्टसन यांना दिला जातो, १९०१ साली. खुद्द मन्रो १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे काही माथे राहूनच गेले होते. तरी यादी जगली, कारण अशी यादी माणसाचं एक मोठं काम सोपं करते: सुट्टीच्या दिवशी पहाटे 'आज जाऊ की नको' हा वाद ती उरू देत नाही. पुढचं नाव ठरलेलं असतं. पाऊस आला, कोणी आजारी पडलं, तर तारीख पुढे जाते, नाव तिथेच राहतं. 'तीन महिन्यांत दहा किलो' या संकल्पाची मुदत संपते आणि त्याबरोबर तोही संपतो. शिवाय तुमच्या शरीरातल्या ज्या भागांना सावरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यांना तीन महिने पुरतच नाहीत. त्यावर पुढे येते.

एक बदल मात्र सुचवते. वहीत दोन रकाने आखा. एकात माथ्यांची नावं, दुसऱ्यात चढलेले मीटर. शंभर माथे, प्रत्येकी सरासरी ५०० मीटर चढ धरला तर पाच वर्षांत ५०,००० मीटर होतात. वर्षाला १०,०००, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या उंचीपेक्षाही जास्त. आठवड्यावर आणा: जेमतेम २०० मीटर. माझ्या मते तुमचा खरा आकडा हाच आहे. नुसते माथे मोजले की माणूस महिनाभर घरी बसतो आणि एका रविवारी मोठा डोंगर करून महिन्याचा हिशोब चुकता करतो. शरीर तो हिशोब मानत नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र घराजवळची टेकडी पन्नासाव्यांदा चढलात तरी ती जमेला धरली जाते, आणि दमसास परत येतो तो अशाच चढण्यांतून.

आता उतार. उतरताना पाऊल खाली टेकतं तेव्हा गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू अख्ख्या शरीराचं वजन झेलत झेलत लांब होत जातो. एरवी स्नायू आखडून काम करतो. इथे तो ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. या कामाला श्वास फार लागत नाही, म्हणून धाप लागत नाही. पण स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा सर्वांत जास्त होते ती यातच. दुसऱ्या दिवशी मांड्या आंबतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि हे दुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं, ते यामुळेच. स्नायू थकला की तो ब्रेक लावेनासा होतो आणि तो भार गुडघ्याच्या वाटीमागे आणि सांध्यावर जातो. 'चढलो छान, उतरताना गुडघा गेला' ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली आहे की आता मी चढणाऱ्यांचे चेहरे कमी बघते आणि उतरणाऱ्यांचे पाय जास्त ऐकते.

हो, ऐकते. एकदा आमच्या गटात पन्नाशीचे एक गृहस्थ होते. चढताना सगळ्यांत पुढे, गप्पा मारत. उतरताना सोंडेच्या मध्यावर मी त्यांच्या मागे होते. आधी त्यांचं पाऊल मऊ पडत होतं, मुरुमावर नुसता चर्र आवाज. तासाभराने ते थप, थप वाजायला लागलं. गुडघा जवळजवळ सरळ, टाच आधी आपटतेय, आणि प्रत्येक पायरीसारख्या दगडावर ते किंचित आडवे होऊन हाताची बोटं शेजारच्या कातळाला टेकवतायत. विचारलं तर म्हणाले, काही नाही, मस्त चाललंय. मी त्यांना बसवलं, त्यांच्या मांडीवर त्यांचाच तळहात ठेवायला लावला. स्नायू बसल्या जागी थरथरत होता. उरलेला उतार आम्ही दर दहा मिनिटांनी थांबत, दोन काठ्यांवर वजन टाकत केला. ते नीट घरी गेले आणि पुढेही येत राहिले. पाऊल वाजायला लागलं की मांडी संपली, हे तुम्हाला स्वतःपुरतं सहज ओळखता येईल. वाजलं की थांबा.

दिलासा असा, की उताराची सवय फार लवकर लागते. थोडासा उतार एकदा अंगवळणी पडला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने स्नायू पूर्वीइतके दुखत नाहीत. शरीर त्या पहिल्या इजेतून शिकतं. म्हणून पहिला उतार मुद्दाम छोटा हवा. मोठ्या डोंगराने सुरुवात करणारा हीच संधी घालवतो: आठवडाभर लंगडतो, मग दोन आठवडे घाबरून जात नाही, मग पुन्हा पहिल्यापासून.

स्नायू लवकर शिकतात, कंडरा मात्र शिकत नाहीत. स्नायूला हाडाशी जोडणारी ती चिवट दोरी रक्तपुरवठ्याच्या बाबतीत गरीब असते आणि वाढत्या भाराशी जुळवून घ्यायला तिला कित्येक महिने लागतात. हे मी माझ्याच पायावर शिकले. ४१ व्या वर्षी घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर काढलं तेव्हा ती पोटरी दुसऱ्या पोटरीच्या निम्मीच वाटत होती. दोन महिन्यांत दम परत आला, पायात जोर आला, आणि मी एका दिवसात ९०० मीटर चढून उतरले. तेव्हा काहीच दुखलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरून पाय टेकला तर टाचेच्या वरच्या कंडरेत अशी कळ गेली की भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जावं लागलं. रोज सकाळची ती पहिली दहा पावलं पाच महिने तशीच होती. घाई माझी होती. दम आणि स्नायू 'चल' म्हणत होते आणि मी फक्त त्यांचंच ऐकलं. तुमच्या बाबतीतही तिसऱ्या महिन्यात हेच होईल: एकदम बरं वाटायला लागेल. बेत वाढवायचा मोह नेमका तेव्हा आवरा.

तर पहिले बारा आठवडे यादीतलं एकही नाव घेऊ नका. जवळ ६०-८० मीटर उंचीची टेकडी असेल तर आठवड्यातून दोनदा ती, आणि मध्ये दोन दिवस सपाटीवर अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. टेकडी नसेल तर जिना. एक मजला साधारण तीन मीटर. आज दोन मजल्यांत धाप लागते म्हणता, तर एका वेळी आठ-दहा मजल्यांपासून सुरू करा, हवं तिथे थांबत. आणि लिफ्टने खाली येऊ नका. तुम्हाला उतरण्याचीच तालीम करायची आहे. दर आठवड्याला थोडी भर घाला आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा, निम्माच. बाराव्या आठवड्याच्या शेवटी एका दमात नव्हे पण एका दिवसात ३०० मीटर चढून, उतरून, दुसऱ्या दिवशी जिना कठडा न धरता उतरता आला, की यादी उघडा. नाही आला तर आणखी चार आठवडे. पाच वर्षांत चार आठवडे म्हणजे काहीच नाही.

चढताना वेग किती ठेवायचा, याला घड्याळ लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चार शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. नाडी दाखवणाऱ्या घड्याळांवर मी नवख्यांना विसंबू देत नाही, विशेषतः रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर, कारण त्या गोळीने नाडी मुळातच कमी राहते आणि आकडा फसवतो. बहुतेकांना आपला वेग फार हळू वाटतो, लाज वाटते इतका हळू. तोच बरोबर असतो. पावलं लहान, पूर्ण तळवा टेकलेला, आणि थांबलात तरी उभ्याउभ्या, मिनिटभर. दर वीस पावलांना बसलात की पाय जड होतात आणि लय जाते.

घरी करायच्या तीन गोष्टी आहेत, आठवड्यातून दोन दिवस. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच अगदी सावकाश खालच्या पायरीला टेकवायची, मनात तीन मोजत, मग वर. पायरी १५ सेंटिमीटरची पुरे, उभ्या पायाचा गुडघा आत न वळता पावलाच्या रेषेत राहायला हवा, तोल जात असेल तर भिंतीला बोट लावा. दुसरं, टाचा वर उचलणं: एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो आणि लांब चढात तोच राबतो. तिसरं, दात घासताना एका पायावर उभं राहणं. हे तिसरं क्षुल्लक वाटेल, पण बैठ्या कामाने घोट्याची जाण बोथट होते आणि घसाऱ्यावर पाय मुरगळतो तो त्यामुळे.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावर सरळ हिशोब मांडते. तुम्ही ८५ किलो, सॅक ५ किलो. हे ९० किलो ६०० मीटर वर नेण्याचं निव्वळ काम साधारण १२५ कॅलरींचं. शरीराचं इंजिन घेतलेल्या ऊर्जेतली सुमारे पाव ऊर्जाच कामाला लावतं, म्हणून प्रत्यक्ष खर्च साधारण ५००. सपाटीचं आणि उतरायचं चालणं वेगळं धरलं तरी आठवड्यातल्या एका डोंगराने वजन झरझर उतरणार नाही, आणि उतरल्यावरच्या भरपेट जेवणात ते सगळं भरून निघतं. म्हणून वजनकाटा या बेताचा पंच करू नका. त्याऐवजी एक ठरावीक चढ निवडा आणि महिन्यातून एकदा तोच चढ, त्याच सॅकसकट, बोलता येईल अशा वेगाने चढा. लागलेली मिनिटं लिहा. सकाळी उठल्या उठल्या, पलंगावरच, मिनिटभर नाडी मोजून तीही लिहा. काही महिन्यांत मिनिटं घटतील, नाडीही बहुधा काही ठोक्यांनी खाली येईल. माझ्याकडे येणाऱ्यांचं वजन पहिल्या तीन महिन्यांत बरेचदा जागचं हललेलं नसतं, पण पट्ट्याचं भोक एकाने आत गेलेलं असतं.

यादीतले डोंगर सुरू झाले की वेळेचा अंदाज चुकवू नका. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा अजून उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण तो सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. तुम्ही पहिलं वर्षभर त्याची दीडपट धरा. ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर आडाख्याने सुमारे २ तास ३५ मिनिटं, तुमच्यासाठी चार तास, त्यात खाणं आणि बसणं वेगळं. निघण्याआधी परत फिरायची वेळ ठरवून सोबतच्याला सांगा. ती वेळ झाली की माथा शंभर मीटरवर असला तरी फिरायचं. अंधारात, दमलेल्या मांड्यांनी उतरण्याइतकं धोक्याचं या छंदात दुसरं फारसं काही नाही. डोक्याला लावायची विजेरी सकाळी निघतानाच सॅकमध्ये असावी.

सामानावर फार खर्च करू नका. बुटाच्या तळव्याची पकड चांगली हवी आणि पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. उतरण्याआधी घोट्याशी नाडी घट्ट करा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. दोन ट्रेकिंग काठ्या मात्र पहिल्या दिवसापासून घ्या, गुडघ्यांवरचा उतरतानाचा भार त्या खरोखर हलका करतात. सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी लांबी, उतारावर थोडी जास्त. माथ्यावर एक गरम कपडा लागतोच: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि घामाने भिजलेल्या पाठीला वारा लागला की ते त्याहून कमी वाटतं.

डॉक्टरांचा मुद्दा मी इतका खाली ठेवला, पण करायचा सगळ्यांत आधी. बारा वर्षांच्या बैठ्या आयुष्यानंतर रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या. घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि नेमकं काय करणार आहात तेही सांगा: 'चालणार आहे' असं मोघम नको, 'सॅक घेऊन तीनशे मीटर चढणार आहे' असं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर चढाच्या दिवशी साखर उतरू शकते, त्याचं प्रमाण त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि खिशात पटकन साखर देणारं काहीतरी ठेवा. चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काही झालं तर ते पित्त समजून पुढे जायचं नाही. जागीच बसायचं आणि मदत मागवायची.

बाकीच्या दुखण्यांत भेद करायला शिका. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या आंबल्यात आणि तीन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर ते कमावलेलं दुखणं आहे, चालत राहा. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखतंय, सांधा सुजलाय, गुडघा अडकतोय किंवा झोपेतून जाग येतेय, तर डोंगर थांबवून दाखवून घ्या. सकाळची पहिली पावलं जड जात असतील तर माझी पाच महिन्यांची गोष्ट आठवा आणि भार तेव्हाच निम्मा करा.

खंड पडेल. पाच वर्षांत एकदाही पडला नाही असं माणूस मी पाहिलेलं नाही. दोन ते चार आठवडे काहीच केलं नाही की दम लक्षात येण्याइतका उतरतो, आणि परत आल्यावर माणूस जुन्या आकड्याशी स्वतःची तुलना करून खचतो. तीन आठवड्यांहून मोठा खंड पडला तर शेवटच्या चढाच्या निम्म्याने सुरू करा. जितके आठवडे गेले तितकेच परत यायला धरा. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर येते, हा माझा अनुभव आहे, आणि तुम्ही तर विशीत डोंगर केलेले आहात. पायवाटेवर पाऊल कुठे टाकायचं हे तुमच्या पायांना नव्याने शिकवावं लागणार नाही.

यादीतला पहिला डोंगर निवडताना तो देखणा किंवा नावाजलेला असायला हवा असं नाही. ज्याची वाट एकच आहे, म्हणजे चढलात तिथूनच उतरायचं आहे, आणि मध्ये कुठूनही परत फिरता येतं, असा घ्या. २५०० मीटरवरचे माथे विरळ हवेमुळे वेगळी तयारी मागतात, ते तिसऱ्या वर्षानंतर. कातळटप्प्यांचे डोंगर कोरड्या दिवसांसाठी आणि जाणत्या सोबतीसाठी राखून ठेवा. आणि त्या पहिल्या दिवशी पायथ्याला पोचलात की लगेच गाडीत बसून पाय आखडू देऊ नका. दहा मिनिटं सपाटीवर रमतगमत चाला, बूट सैल करा, मांडीवर तळहात ठेवून बघा. थरथर नसेल तर पुढच्या आठवड्याच्या रकान्यात वीस मीटर वाढवा. असेल तर तोच आकडा पुन्हा लिहा.